दादाला विचारतो

माझ्या बायकोच्या धाकट्या काकांनी साठ वर्षांच्या आयुष्यात स्वतःहून एकही गोष्ट ठरवली नाही, असं मी म्हटलं तर नवापुरात मला कुणी खोटं पाडणार नाही. उलट ओट्यावर बसलेला एखादा म्हातारा "साठ कशाला, बासष्ट म्हना," अशी दुरुस्ती सुचवेल. माणसं बायकोला विचारतात, ज्योतिषाला विचारतात, अगदीच अडलं तर देवाला कौल लावतात. पण शर्टाची बाही दुमडायची की सोडायची, हे थोरल्या भावाला विचारून ठरवणारा माणूस मी एकच पाहिला. गावात त्यांना सगळे 'धाकले' म्हणत. मिशी पांढरी झाली, पाठीला बाक आला, मुलीचं शिक्षण संपत आलं, तरी ते धाकलेच. त्यांचे थोरले भाऊ म्हणजे माझे सासरे. त्यांना सगळं गाव 'दादा' म्हणे, आणि काकांच्या तोंडी तर हा शब्द दिवसातून इतक्या वेळा येई की शेजारच्या घरातला पोपटसुद्धा मिठू-मिठू म्हणायचं सोडून 'दादाला विचारतो' म्हणायला लागला होता. यात थोडी अतिशयोक्ती असेल. पोपट होता, एवढं मात्र खरं.

मी काकांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या लग्नाच्या बोलणीत. आम्ही उमरोळीचे, शेतीवाले. ते समुद्रकाठच्या नवापूरचे, बोटवाले. बायको आणि मी पालघरच्या एकाच शाळेत शिकवत होतो, त्यामुळे एकमेकांना पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण जात वेगळी, म्हणून दोन्हीकडची मोठी माणसं अवघडून बसली होती. दादा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बसलेले. बोलणं पुढे सरकेना, तेव्हा माझ्या वडिलांनी शेजारी बसलेल्या काकांकडे वळून सहज विचारलं, "तुम्हाला काय वाटतं हो?" काका दचकले. मग अतिशय नम्रपणे उठले, "दादाला विचारतो," म्हणाले, चार पावलांवर बसलेल्या दादांपर्यंत गेले आणि त्यांच्या कानाशी वाकले. दादांनी मान हलवली. काका परत आपल्या जागी येऊन बसले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मला चांगलं वाटतं." त्यांच्या चेहऱ्यावर असा काही मोकळा आनंद होता की माझे वडील हसले, मग दादाही हसले, आणि लग्न ठरलं. परतीच्या वाटेवर वडील उमरोळी येईपर्यंत मला एकच प्रश्न विचारत होते, "तो माणूस आपली चेष्टा तर करत नव्हता ना रे?"

तो चेष्टा करत नव्हता, हे मला पुढे एकेका प्रसंगानं पटत गेलं. काका तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बॉयलरवर होते. मोबाइल येण्याआधीच्या काळात साहेबानं "चाचा, आज ओवरटाइम करोगे?" असं विचारलं की काका "दादा से पूछता हूँ" म्हणून गेटवरच्या फोनवरून गावातल्या वाण्याला फोन लावत. वाणी दुकानाच्या दारातून आरोळी ठोकी, ती आरोळी घरोघरच्या बायका पुढे पोचवत, आणि दादांचं "हो म्हनावं" त्याच वाटेनं परत येई. काकांनी आज किती तास बॉयलरसमोर उभं राहायचं, हे अशा रीतीनं सबंध नवापूरला काकांच्या आधी कळत असे. एकदा मी त्यांना पालघरच्या हॉटेलात घेऊन गेलो. वेटर समोर उभा, काका मेन्यूकार्ड उलटंसुलटं करतायत. शेवटी त्यांनी खिशातून मोबाइल काढला. पलीकडून दादांचा आवाज मलाही ऐकू आला, "डोसा खा. चटनी बेतानं घे, तुला खोकला हाय." काकांनी डोसा खाल्ला आणि चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली.

आणि ती दाताची गोष्ट. बोईसरला दाताच्या डॉक्टरनं विचारलं, कुठला दुखतो? काका आ वासूनच दाराकडे बघायला लागले. बाहेरच्या बाकावरून दादा म्हणाले, "डावा. खालचा. शेवटून दुसरा." डॉक्टर चिडला. दात यांचा आणि सांगतोय भलताच! पण तपासल्यावर तोच किडलेला निघाला. मी दादांना नंतर विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "आठ दिस झाले, उजवीकडनं चावतो." बस, एवढंच. दादा फार बोलत नसत.

काकूंनी हे सगळं आपल्या पद्धतीनं पचवलं होतं. मासळी साफ करता करता त्या मला म्हणाल्या होत्या, "लगीन झालं त्या दिवशी मी हौसेनं इचारलं, तुमाला जेवनात काय आवडतं? तर हे म्हनाले, दादाला इचारून सांगतो. मंग मी तरी कशाला यांना इचारू? सरळ दादांनाच इचारते. घरात येक खेप वाचली." त्या हसल्या, मीही हसलो. पण हसून झाल्यावर त्या बराच वेळ सुरीला लागलेले खवले बोटानं काढत बसल्या, हेही मला आठवतं. त्यांना एकच मुलगी. तीसुद्धा वहीला कव्हर कुठल्या रंगाचं घालायचं ते वडिलांना विचारी, वडील दादांना विचारत, आणि उत्तर दोन पायऱ्या उतरून तिच्यापर्यंत येई.

खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं मला या प्रकाराचा राग येत असे. काकांचा नव्हे, दादांचा. सबंध एका माणसाला मुठीत ठेवणारा हा कसला भाऊ, असं मी बायकोला तावातावानं म्हणायचो. आमच्या उमरोळीच्या घरात कुणी कुणाला विचारत नसे, त्याचा मला अभिमान होता. आम्ही तिघं भाऊ. प्रत्येकाचं मत स्वतंत्र, आवाज मोठा. आज त्याच अंगणात तीन चुली आहेत, आणि माझे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत त्याला किती वर्षं झाली ते मला मोजावं लागेल. पण तेव्हा हे डोक्यात येत नव्हतं. तेव्हा मी फक्त नवापूरला नावं ठेवत होतो.

एकदा बायकोनं मला थांबवलं आणि सगळी हकिकत सांगितली. तिचे आजोबा बोट घेऊन समुद्रात गेले ते परत आले नाहीत. दादा तेव्हा सोळा वर्षांचे, शाळेत जाणारे. काका आठ वर्षांचे. दोघांच्या मध्ये एक बहीण. पंधरा दिवस किनाऱ्यावर वाट पाहून झाल्यावर आजीनं काकांना जवळ ओढून सांगितलं, "आता दादा हाच तुजा बाबा. हा सांगल तसं करायचं." काका शहाणे मूल होते, करू लागले. फक्त एकदा, बारा वर्षांचे असताना, कुणाला न सांगता ते शेजारच्या दांडी गावातल्या एका ओळखीच्या बोटीत बसून गेले. इंजिन बिघडलं आणि बोट एक दिवस उशिरा परतली. दादा आदल्या दुपारपासून किनाऱ्यावर उभे होते. भाऊ पाण्यातून चालत आला तसं दादांनी पडलेलं एक लाकूड उचललं आणि त्याला मारायला सुरुवात केली. मारता मारता ते लाकूड हातातून गळालं, दादा वाळूत बसले आणि असे रडायला लागले की बघायला जमलेली माणसं मान खाली घालून निघून गेली. मार खाल्लेला पोरगा उभाच होता. तो म्हणाला, "दादा, रडू नको. आता मी तुला इचारल्याबिगर काय नाय करनार."

"लहान मूल बोलून जातं आणि विसरतं," बायको म्हणाली. "काका विसरले नाहीत."

त्यानंतर दादांनी एक गोष्ट पक्की केली. एकानं समुद्रावर जायचं, एकानं कंपनीत. समुद्रानं न्यायचंच ठरवलं तर दोघांना नेता कामा नये. दादांनी स्वतःची शाळा सोडून बोट घेतली होती, तेव्हा कंपनी काकांच्या वाट्याला आली. खरं तर समुद्र लागायचा तो दादांना. चाळीस वर्षं बोट चालवलेला हा माणूस किनारा दिसेनासा झाला की ओकायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि काका? सुट्टीच्या दिवशी जाळी दुरुस्त करत बसलेले काका नुसतं पाण्याकडे बघून सांगायचे, आज वारा फिरेल, आज अमकी मासळी लागेल. ते सहसा चुकत नसत. मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला बोटीवर जायला आवडलं असतं ना?" मी काही वाह्यात बोललो असल्यासारखे ते इकडेतिकडे बघायला लागले. मग म्हणाले, "दादानं कंपनीत घातला ना." आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.

दोन वर्षांपूर्वी दादांना धाप लागायला लागली. आधी चढण चढताना, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. काका तोवर निवृत्त झाले होते. ते दिवसभर दादांच्या खाटेजवळ जमिनीवर बसून असत आणि सेवासुद्धा विचारूनच करत. "दादा, पानी देऊ?" "दे." "दादा, उशी वर करू?" "कर." दादांना बोलायलाही श्वास पुरत नसे, पण ते प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत. मला ते बघवेना. एका दुपारी काका औषधं आणायला बोईसरला गेले होते आणि मी एकटाच खाटेजवळ होतो. मी म्हटलं, "दादा, तुम्ही आता दमू नका. काकांना सांगा, त्यांना जे सुचेल ते ते करतील."

दादांनी नजर छताकडे वळवली. मग थांबत थांबत बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

"जावईबापू, मी सोळा वर्सांचा होतो. मला काय ठावं होतं? आयनं त्याला सांगितलं, याला इचार. मला कुनी सांगितलं नाय, मी कुनाला इचारू. तो यायचा, तोंडाकडं बघायचा. दादा, काय करू? नाय ठावं म्हनालो असतो तर तो घाबरला असता. म्हनून सांगायचो. अंदाजानं. समदं अंदाजानं सांगितलं. त्याला कंपनीत घातला तो अंदाजानं. त्याचं लगीन केलं ते अंदाजानं." ते थांबले, श्वास जमवला. "येवढा मोठा मानूस झाला, आन मी त्याला अंदाजानं जगवला."

मी म्हटलं, "दादा, हे एकदा त्यांना सांगा."

"नको," ते एकदम म्हणाले. "तुमीपन सांगू नका. तो भियेल."

ज्या माणसाला मी इतकी वर्षं जुलमी समजत होतो त्याच्या चेहऱ्याकडे त्या दुपारी मला नीट बघता येईना. काका औषधं घेऊन आले, दारातूनच म्हणाले, "दादा, गोळी आता देऊ का चहासंगती?" दादांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "चहासंगती."

पावसाळा संपता संपता एका सकाळी दादा गेले. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात गाव जमलं होतं. बोटी त्या दिवशी निघाल्या नव्हत्या. सगळी तयारी झाली होती, प्रश्न एवढाच होता की डहाणूला दिलेली बहीण यायची होती, तिच्यासाठी थांबायचं की निघायचं. स्मशान किनाऱ्यालगत, त्यामुळे भरतीची वेळ बघायला हवी होती, उन्हं चढत होती. गावातला एक वडीलधारा माणूस काकांसमोर येऊन हलकेच म्हणाला, "धाकल्या, आता तूच सांग. थांबू का काढू?"

काका म्हणाले, "दादाला इचारतो."

आणि ते खरोखरच आत गेले. अंगणात कुणी हललं नाही. मी दाराशी होतो, मला आतलं दिसत होतं. काका दादांशेजारी गुडघे मोडून बसले, नेहमीसारखे कानाशी वाकले आणि काहीतरी पुटपुटले. मग वाट बघत राहिले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. काकू तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. काकांनी दादांच्या कपाळावरून एकदा हात फिरवला, उठले, बाहेर आले आणि त्या वडीलधाऱ्या माणसाला म्हणाले, "थांबा म्हनतो. ताई येऊ दे."

सगळे थांबले. तासाभरानं डहाणूहून बायकोची आत्या आली, आणि मग आम्ही दादांना नेलं.

पुढचे महिने काकांना फार जड गेले. ते भाजी आणायला म्हणून बाजारात जात आणि टोपल्यांसमोर उभे राहून रिकामी पिशवी घेऊन परत येत. जेवायला बसले की काकू वाढतील तेवढं खात, थांबल्या की थांबत. माझे मेहुणे, म्हणजे दादांचे मुलगे, प्रेमानं म्हणत, "काका, आता घरात तुमीच मोठे." हे ऐकलं की ते चप्पल घालून किनाऱ्यावर निघून जात.

अशात त्यांच्या मुलीला नोकरी लागली. तिचं नर्सिंगचं शिक्षण झालं होतं, बडोद्याच्या एका रुग्णालयातून बोलावणं आलं होतं. घरातली एकही मुलगी नोकरीसाठी इतक्या लांब राहायला गेली नव्हती. आठ दिवसांत कळवायचं होतं. तिनं वडिलांना विचारलं, "बाबा, जाऊ?"

काकांनी पाच दिवस उत्तर दिलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी ते पालघरला माझ्या दारात उभे. दाढी वाढलेली, शर्टाची एक बाही दुमडलेली, एक सुटलेली. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. "जावईबापू," ते म्हणाले, "तुमी शिकलेले. तुमी सांगाल तसं करू. पाठवू का नको?"

हो म्हणणं किती सोपं होतं! मुलीनं जावं असंच मला वाटत होतं. मी 'पाठवा' म्हटलं असतं आणि काका हलके होऊन परतले असते. पुढच्या आठवड्यात दुसरा प्रश्न घेऊन आले असते, आणि मग दर आठवड्याला. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी दादांचा शब्द मोडला. त्या दुपारी ते जे बोलले होते, ते जसंच्या तसं काकांना सांगितलं.

काका ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे दादाला पन ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

"येकदाबी नाय?"

"अंदाजानं सांगायचे म्हणाले."

मला वाटलं होतं, ते चिडतील. बॉयलरसमोर गेलेली तीस वर्षं त्यांना आठवतील. निदान आपली फसवणूक झाली असं तरी वाटेल. काकांनी हाताचे तळवे गुडघ्यांवर घासले. "मंग त्याला किती भ्या वाटलं असंल," ते म्हणाले. "सोळा वर्सांचा पोरगा. येकदा तरी बोलायचा मला. दोगं मिळून भ्यालो असतो."

बायको पुढे आली आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. काका तिच्या डोक्यावर हात ठेवून रडले. सकाळची वेळ होती, जिन्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलांचा गलका चालला होता. आम्ही दोघंही त्या दिवशी शाळेत गेलो नाही.

दुपारी मीच त्यांना नवापूरला पोचवलं. मुलगी ओट्यावरच बसली होती. काका तिच्यासमोर उभे राहिले. घसा खाकरला. "जा तू," ते म्हणाले. आणि ती आनंदानं उठते तोच घाईघाईनं पुढे म्हणाले, "पन हे बघ, मला ठावं नाय बरोबर का चूक. बडोदा मी बघितला नाय. माझ्या अंदाजानं सांगतो. तिथं जाऊन तुला वाटलं नाय बरोबर, तर मला इचारत बसू नको. ये निघून." ती वडिलांकडे बघत राहिली. त्यांना इतकं बोलताना तिनंही कधी ऐकलं नव्हतं. तिला हायसं वाटलं की धास्ती वाटली, ते तिच्या तोंडावरून मला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

ती गेली त्या दिवशी दुपारची गाडी होती. पालघर स्टेशनवर आम्ही चौघं पोचवायला गेलो. काकूंनी सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा तीन कापडांत गुंडाळून दिला होता, वास येऊ नये म्हणून. तरी तो येत होता. गाडी आली, दोन मिनिटं थांबली, सुटली. मुलगी खिडकीत बसली होती खरी, पण बॅग सीटखाली ढकलण्यात गुंतली होती, आणि तिनं मान वर करेपर्यंत तिचा डबा प्लॅटफॉर्मच्या पुढे गेला होता. काकूंनी उगाच हात हलवला.

काका म्हणाले, "तिनं मागं वळून बघितलं नाय."

"गडबडीत होती हो," मी म्हटलं.

"तसं नाय. बरं झालं म्हनतो."

काकू आणि माझी बायको जिन्याकडे निघाल्या. काका तिथल्या बाकावर बसले, म्हणून मीही बसलो. समोरच्या रुळांवरून एक मालगाडी अगदी सावकाश जात होती, तिचे डबे संपता संपत नव्हते. काकांनी माझा हात धरला. गर्दीत लहान मूल धरतं तसा, बोटं गच्च आवळून. त्यांना मला काही विचारायचं नव्हतं. मालगाडी निघून गेल्यावरही आम्ही तसेच बसून राहिलो.